गणपत मास्तरांचं नाव

कर्जतच्या रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ह्यांना खिडकी दाखवायला सांगितली. ह्यांनी डाव्या हातानं बरोबर खिडकी दाखवली. डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, हे वेड नव्हे. ह्याला अफेझिया म्हणतात."

मेंदूच्या डाव्या बाजूला बोलण्याची जागा असते. तिथलं रक्त अडलं, म्हणून उजवा हात लुळा पडला आणि शब्द अडकले. कळतं सगळं, बोलता मात्र येत नाही. मला रडू आलं, ते निम्मं आनंदाचं होतं.

कारण आमच्या लोधिवलीत सगळ्यांनी ह्यांना वेड्यात काढलं होतं. हे शाळामास्तर. मलाही लिहायला ह्यांनीच शिकवलं. एका सकाळी हातातली भाकरी गळाली आणि पाणी मागायला गेले तर तोंडातून आलं "पाटी". मीठ हवं तरी पाटी, राग आला तरी पाटी. महिन्यात गुण आला नाही तर धाकटे दीर त्यांना मुंबईच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकणार होते. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, तर म्हणाले, रेल्वेच्या डॉक्टराला इंजिनातलं कळत असेल.

डॉक्टरांनी औषध थोडंच दिलं. घरच्या माणसानं समोर बसून रोज नाव घेऊन हाक मारावी, म्हणाले. आणि मी? महिनाभर "अहो, इकडं बघा" एवढंच करत राहिले. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे लहानपणापासून ऐकलेलं.

दिरांनी अंगणात गाडी जुंपली, तेव्हा माझी भीड चेपली. ह्यांचा हात धरून मी सगळ्यांदेखत म्हणाले, "गणपत."

"वैनी, दादाला मारता काय?" दीर म्हणाले.

"गणपत," मी पुन्हा म्हणाले. "आता तुमी मला हाक मारा. त्याबिगर ही गाडी हालायची नाय."

"पा... पा..." ह्यांना घाम फुटला. मी हात सोडला नाही.

"भा... भागू."

पंधरा वर्षांच्या संसारात चारचौघांत माझं नाव ह्यांनी पहिल्यांदाच घेतलं. दिरांनी बैल सोडले.

शाळा गेली ती गेलीच. अजूनही पाटी मागितली की मी तोंड बघून पाणी देते, चुकले तर दोघं हसतो. तुमच्या घरात असं माणूस असेल तर त्याला कुणाला वेडं म्हणू देऊ नका. नाव घ्या, मोठ्यांदा. शेजारणी तोंडाला पदर लावतील, लावू द्या.

ह्याला आता सात वर्षं झाली. आयुष्य घटेल म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं. गणपत मास्तर ओटीवर बसून भाकरी खातायत.