ईनिडचे गंधकाचे हूक

आमच्या घरांच्या रांगेत ईनिड होलरॉइडइतकी बडबडी बाई दुसरी नव्हती, आणि हे मी म्हणतेय म्हणजे बघा! ब्रॅडफर्डच्या गिरण्यांत आम्ही बाकीच्या लोकरीशी झुंजायचो, ही केस कुरळे करायची. सोमवारी तिचं दुकान बंद, म्हणून त्या दिवशी मैत्रिणींची डोकी घरीच, स्वयंपाकघरात. रात्रशाळेत रसायनं शिकून आल्यापासून तिला एकच वेड लागलं होतं: प्रथिन. केस प्रथिन, लोकर प्रथिन, न्याहारीचं अंडंही प्रथिन. नवरा बिचारा अंडं फोडायला घाबरायचा, कारण घास तोंडात जायच्या आत व्याख्यान सुरू.

व्याख्यान आम्हाला पाठ झालं होतं. प्रथिन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. मणी वीसच जातींचे, पण कुठला कुणाशेजारी बसतो यावर ठरतं, त्याचं नख होणार की केस. केसातली माळ स्प्रिंगसारखी वळते, आणि शेजारच्या माळा एकमेकींना गंधकाच्या हुकांनी अडकवलेल्या असतात. अंडं उकडलं की त्यातल्या घडी घातलेल्या माळा सुटून एकमेकींत असा गुंता करतात, की ते पुन्हा कच्चं होणे नाही. केसांचं तसं नाही. पहिल्या औषधाने हूक सोडायचे, केस नळ्यांवर गुंडाळलेले असतातच, मग धुऊन दुसऱ्या औषधाने हूक नव्या जागी लावायचे. झाले कुरळे.

त्या सोमवारी गिरण्यांना सुट्टी होती, आणि खुर्चीत म्युरिएल होती. पंचेचाळिशी उलटलेली, मागावर काम करणारी, केस खराट्यासारखे सरळ. बुधवारी तिचं लग्न होतं, रांगेच्या टोकाला राहणाऱ्या विल्फशी. विल्फ बस चालवायचा. माणूस सोन्यासारखा, पण आळशी! सोमवार म्हणजे आम्हा सगळ्यांचा धुण्याचा दिवस. उजाडायच्या आत हंडे तापवायचे आणि पहिली चादर कुणाची वाळत पडते याची चुरस. ती बहुतेक माझीच असायची. विल्फचं धुणं दुपार टळल्यावर बाहेर यायचं, आणि आम्ही त्याची यथेच्छ टिंगल करायचो.

ईनिडने पहिलं औषध लावलं. अमोनियाच्या वासाने डोळ्यांतून पाणी. धुवायला नळ सोडला, तर नळाने नुसता खोकला काढला. रस्त्याखाली कुठेतरी पाण्याचा मोठा नळ फुटला होता.

ईनिडची बडबड बंद पडली. तेव्हाच मी हादरले. ती हळूच म्हणाली, “औषध जास्त वेळ राहिलं तर नुसते हूक नाही, केसच विरघळतील.”

म्युरिएल रडायलाच लागली. “बोडकी उभी राहू का गं त्याच्या शेजारी?”

मी धावत जाऊन माझ्या हंड्यातलं पाणी आणलं. ईनिडने हात बुडवला आणि बादली ढकलून दिली. साबण आणि सोडा! सोड्याने केस आणखीच फुगले असते. सगळ्या रांगेत तीच कथा, सगळ्यांच्या हंड्यांत साबण पहाटेच पडलेला. ओढ्याचं पाणी तर गिरणीच्या रंगखात्यामुळे निळंशार. आमची हुशारी आमच्याच अंगलट आली.

मग मला विल्फ आठवला. दार ठोठावलं तर स्वारी चहा पीत बसलेली. हंडा भरलेला, पाणी कोमट, साबणाची वडी अजून कागदात! मी काही सांगायच्या आत त्याने दोन बादल्या उचलल्या.

म्युरिएलने त्याला दारात पाहिलं आणि टॉवेलने तोंड झाकून घेतलं. डोकंभर नळ्या, लाल नाक, वर तो वास. विल्फ बाह्या सरसावून ईनिड सांगेल तसं तांब्यातांब्याने पाणी घालत राहिला. दुसरं औषधही त्याच पाण्यात कालवलं. शेवटी नळ्या निघाल्या आणि मानेवर अशी झकास कुरळी वळणं उतरली, की मी टाळ्याच पिटल्या. बुधवारी अख्खी रांग लग्नात नाचली.

काही महिन्यांनी मुळाशी सरळ केस डोकावू लागले. ईनिड म्हणाली, नवी माळ जुन्याच वळणाने येणार, ते काही औषधाने बदलत नाही, सोमवारी ये, पुन्हा करू.

“नको,” म्युरिएल म्हणाली. “त्या अवतारात मला बघून गेला, आणि तरी बुधवारी माझ्या आधी हजर होता. आता कुणासाठी कुरळे करू?”

ईनिडचं एक हक्काचं गिऱ्हाईक गेलं. बया इतकी खूश झाली, की संध्याकाळपर्यंत तिने प्रथिनाचं नावसुद्धा काढलं नाही.