तांबड्या टोपीवरचा कावळा

सातपाटीच्या जयवंतीशी भांडायला भल्याभल्यांची छाती होत नसे. बोंबील वाळत घालता घालता ती नवशा तांडेलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, आणि तोही नवशाला ऐकू जाईल असा. का करू नये? एकसष्ट सालच्या वादळात तिच्या नवऱ्याची, जानूची फुटकी होडी नवशाच्या होडीला दोरानं बांधलेली होती. त्या मेल्यानं दोर कापला, आणि जानू होडीसकट बुडाला. "नायतर दोनी होड्या बुडाल्या असत्या," असं तो सांगे. गावाला ते पटलं. पुढं तिचा बुधा त्याच्याच होडीवर खलाशी झाला, तेव्हा ती पोटच्या पोराशी महिनाभर बोलली नाही.

एका उन्हाळ्यात डावा डोळा दुखावलेला कावळा तिच्या अंगणात पडला. तिनं हळद लावून डोळ्यावर पट्टी बांधली, आणि तेव्हाच तिच्या डोक्यात ते आलं. गावातले बाकीचे गडी एरवी डोक्याला रुमाल गुंडाळत. नवशा मात्र होडीच्या म्होरक्याची, तांडेलकीची तांबडी टोपी घातल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. तिनं तसलीच टोपी आणून खांबावर चढवली आणि घडीत मासळीचे तुकडे खोचले. चोच मारल्याशिवाय खायला नाही. पावसाच्या तोंडाला कावळा टोपी दिसली रे दिसली की झेपावू लागला.

शेजारचा दिनानाथ मुंबईला प्राणिशास्त्र शिकत होता. सुट्टीत आला, त्यानं हा खेळ पाहिला.

"काकू, ह्याचा एकच डोळा शिकलाय. पाखराचा उजवा डोळा मेंदूच्या डाव्या भागाला सांगतो, डावा उजव्या भागाला. मधे नसांचे बारीक दोर असतात. त्यांतून पलीकडं गेलं, तरच ह्या डोळ्याचं त्या डोळ्याला कळतं. परदेशात कबुतरांचे दोर कापून बघतात म्हणे."

"कापला म्हंजे काय व्हतं?"

"इकडचं तिकडं पोचत नाय."

"दोर कापल्यावर काय व्हतं ते मला नको शिकवू, पोरा."

पण ती बात तिला चैन पडू देईना. कावळ्याचा डावा डोळा बरा झाला होता. तिनं पट्टी सोडून उजव्यावर बांधली आणि टोपी पुढं केली. कावळ्यानं मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं निरखलं, आणि टोपीची चिंधी केली. जानू गेल्यापासून जयवंती इतकी हसली नव्हती. दोर शाबूत होते. तिचं सगळं विष पलीकडं पोचलं होतं.

नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहून लोक परतत होते. कुडापलीकडं नवशाचा खोकला ऐकू आला. तिनं कावळ्याच्या पायाची दोरी सोडली आणि मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिली. किंकाळी कानभरून ऐकायची होती तिला.

किंकाळी आली ती बुधाची.

दारात नवशा बोडका उभा होता. त्याची टोपी बुधाच्या डोक्यावर होती आणि बुधाच्या डाव्या भुवईखालून रक्ताची धार लागली होती.

"आये," बुधा कण्हत म्हणाला, "आजपासून मी तांडेल. ह्यांनी सोताची टोपी घातली मला. तुला दाखवाया आलू."

जयवंतीनं कावळ्याला हाकललं, तीच पट्टी धुतली आणि लेकाच्या डोळ्यावर धरली. बुधा वेदनेनं तडफडत होता, डोकं स्थिर राहीना. नवशानं खाली बसून ते दोन्ही हातांत घट्ट धरलं. चालता हो, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण डोकं धरल्याशिवाय पट्टी बांधता येत नव्हती.

"नीट धर," ती म्हणाली.