ठोकळ्या ओपन गटात

तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात कुणाचीच चूक नव्हती. चहा गाळता गाळता ती केर काढायची, केर काढता काढता फोनवर बोलायची आणि फोन ठेवल्यावर गाळलेला चहा कुठे ठेवला ते घरभर शोधायची. सिनेमाला गेली की मध्यंतराआधीच दोनदा बाहेर जाऊन यायची. तिचा नवरा बेकरीत भट्टीवर कामाला होता. शांत माणूस. तो म्हणायचा, "बस गं जरा, फरशी झिजेल." मग ती बसायची, पण पाय हलत राहायचा. पायामुळे टीपॉय हलायचा, टीपॉयवरचा कप हलायचा आणि शेवटी नवराच उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

चष्म्याच्या दुकानातली नोकरी मात्र तिला मानवली होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचं आणि ही त्याच्याभोवती फिरायची. कानामागची काडी वाकव, नाकावरची चिमटी सैल कर, आरसा धर, परत काडी वाकव. दिवसभर उभं राहायचे पैसे मिळतात म्हटल्यावर ती खूश होती.

तिथेच तिला मावशी भेटली. गावाबाहेर तिचं कुत्र्यांच्या पैदाशीचं केनेल होतं, सगळे लॅब्रडॉर. मावशी म्हणायचं ते आपलं म्हणायला, मायेचं एकही लक्षण त्या बाईत नव्हतं. त्या वर्षी तिच्याकडे जागेपेक्षा पिल्लं जास्त झाली होती. नवा चष्मा डोळ्यांवर चढवून तिने भिंगरीला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "एक पिल्लू देते. पैसे नकोत. वाढव, मोठा झाला की कुत्र्यांच्या शोमध्ये उतरवू. शेवटच्या फेरीत पोचला तर तो माझा, केनेलमध्ये परत येणार. नाही पोचला तर तुझा, कायमचा. बोल."

भिंगरी 'हो' म्हणाली. विचार वगैरे ती नंतर करायची.

पिल्लू घरी आलं आणि खोलीच्या मधोमध बसलं. बसलं ते बसलंच. नवऱ्याने त्याला ठोकळ्या नाव ठेवलं. कागदावर त्याचं लांबलचक, घराण्याचं नाव होतं, पण ते उच्चारायला पाणी प्यावं लागे. पहिल्याच संध्याकाळी ठोकळ्याने आपली हनुवटी भिंगरीच्या हलणाऱ्या पायावर ठेवली. पाय थांबला. पिल्लाची झोपमोड कशी करायची, म्हणून ती तशीच बसून राहिली, आणि बसता बसता तिच्या लक्षात आलं की डोक्यातली गिरणीही बंद पडली आहे. नवरा स्वयंपाकघरातून डोकावला. "बरं नाही का तुला?" त्याने विचारलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच. ठोकळ्या वाढला, हनुवटी जड झाली, पायाला मुंग्या येऊ लागल्या, तरी ती हलायची नाही. दिवसभरातला तेवढाच वेळ तिला स्वतःचा वाटायचा. तिला तो कुत्रा हवा होता, इतकी साधी गोष्ट होती.

आणि मग मावशीचा फोन आला. "शो लागलाय. ठोकळ्याला ज्युनिअर गटात घाल. त्याच्या वयाची पोरं आहेत, सहज जिंकेल. फॉर्म तू भर."

सहज जिंकेल! भिंगरीने त्या दिवशी एका बाईच्या चष्म्याची काडी अशी वाकवली की चष्मा भुवईवर चढून बसला. घरी तिने कपाट लावलं, मग तेच कपाट परत उपसलं. फॉर्म फ्रिजवर लावला, काढला, परत लावला. नाव न घालावं तर मावशी दाराशी येऊन उभी राहील. आणि दिलेला शब्द मोडायचा म्हटलं तर तेही तिला जमणारं नव्हतं. भिंगरी असली तरी लबाड नव्हती ती. निदान तोपर्यंत तरी.

दोन दिवसांनी दुकानात रिंगकाका आले. श्वानप्रदर्शनांमध्ये कुत्र्यांना पाळीने रिंगणात बोलवायचं, रांग लावायची, परीक्षकांनी सांगितलेल्याच्या हाती फीत द्यायची, हे त्यांचं काम. त्यांची काडी सैल झाली होती. भिंगरीने ती हातात घेतली आणि सरळच विचारलं, "काका, नवीन माणसाने कुठल्या गटात नाव घालावं?"

"वयाचा गट," काका म्हणाले. "फार तर नवोदितांचा, जिथे तीनपेक्षा जास्त वेळा पहिले न आलेले असतात. हावरटपणा करायचा नाही. नवखे लोक चार गटांत नावं घालतात, वाटतं चार संधी. तसं नसतं ते. शेवटच्या फेरीत फक्त न हरलेला कुत्रा जातो. कुठल्याही एका गटात हरला की आधीचं जिंकलेलं त्या फेरीपुरतं फुकट."

काडी हातातच राहिली. "कुठल्याही एका?"

"कुठल्याही."

"आणि अजिबात घालू नये असा गट कोणता?"

"ओपन. तिथे सगळे चॅम्पियन उतरतात. कच्च्या कुत्र्याचा भुगा होतो. आणि हो, गट ठरवण्याआधी परीक्षक कोण ते…"

पण भिंगरीने चष्मा त्यांच्या नाकावर बसवला होता, डबी खटकन मिटली होती आणि ती पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचलीसुद्धा होती. त्या संध्याकाळी तिने फॉर्मवर ज्युनिअरपुढे खूण केली, मावशीने सांगितलं होतं तशी. मग ओपनपुढेही केली. मावशीचा शब्द राखला, आणि ठोकळ्याचं हरणंही पक्कं केलं. नवरा म्हणाला, "यात काहीतरी काळंबेरं आहे." ती म्हणाली, "तू पाव भाज."

शोच्या सकाळी सभागृह कुत्र्यांनी, केसांनी आणि घरून आणलेल्या खुर्च्यांनी भरून गेलं होतं. नवऱ्याला एका खुर्चीत बसवून भिंगरी ठोकळ्याला घेऊन येरझाऱ्या घालत होती. मावशी छापील यादी घेऊन तणतणत आली. "हे ओपनमध्ये नाव कुणी घातलं?"

"चुकून झालं असेल."

मावशीने तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. भिंगरीनेच बसवून दिलेला चष्मा होता तो. "नवखी आहेस," ती म्हणाली आणि निघून गेली.

ज्युनिअरमध्ये ठोकळ्या पहिला आला. भिंगरीला वाईट वाटायला हवं होतं, पण तिची छाती फुगली. तिने शेजारच्या अनोळखी बाईला तीनदा सांगितलं की हा माझाच. मग ओपनची हाक आली आणि ती उड्या मारतच रिंगणाकडे गेली. तिथे एकच कुत्रा उभा होता, म्हातारा आणि अंगाने चांगलाच सुटलेला. मागचा एक पाय तो जरा जपून टेकत होता.

"बाकीचे कुठेत?" तिने रिंगकाकांना विचारलं.

"घरी," काका दबक्या आवाजात म्हणाले. "या परीक्षकांना जाडजूड कुत्रे आवडत नाहीत. चॅम्पियन सगळे तसलेच, त्यांचे मालक ते ओळखून आहेत, म्हणून आलेच नाहीत. त्या दिवशी तेच सांगत होतो तुला, आधी परीक्षक बघायचा, मग गट. ऐकून कोण घेतंय."

भिंगरी ठोकळ्याला घेऊन रिंगणात शिरली. आता एकच उपाय उरला होता, आणि तो तिला जन्मापासून येत होता. तिने पाय हलवायला सुरुवात केली. खांदे हलले, हात हलला, पट्टा हलला. ठोकळ्याने आधी तिच्या पायाकडे पाहिलं, मग स्वतःचा पुढचा पाय उचलला, मग मागून वाकडा झाला. म्हातारा चॅम्पियन खांबासारखा उभा होता. बरोब्बर जमत होतं.

तेवढ्यात रिंगणाबाहेरून कुणीतरी म्हणालं, "हे काय ध्यान आणलंय! ज्युनिअरमध्ये नशिबाने पहिला आलेला दिसतो." आणि चारपाच जण हसले.

ठोकळ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला ते सहन झालं नाही. तिला काय वाटेल ते म्हणा, आयुष्यभर म्हणतच होते. पण ह्याला? ह्याने काय केलं होतं? तिने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि ती उभी राहिली. नाकाला खाज सुटली तरी हलली नाही. ठोकळ्याने चारही पाय नीट टेकले, शेपटी सरळ केली आणि संध्याकाळी घरी असायचा तसा शांत झाला. परीक्षकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, दात पाहिले, दोघांना एकदा पळवलं आणि बोट ठोकळ्याकडे केलं.

फीत हातात आली तेव्हा आपण काय करून बसलो ते तिला कळलं.

मावशी रिंगणाच्या दाराशीच उभी होती. "दे पट्टा," ती म्हणाली. "शेवटच्या फेरीत मी उभी राहते. आता माझा आहे तो."

भिंगरीने पट्टा दिला. बोली झाली होती. आपण दिसलो तर ठोकळ्याचं लक्ष उडेल म्हणून ती सभागृहाबाहेर गेली. हरायचंच असेल तर निदान नीट हरू दे, जिंकायचं असेल तर जिंकू दे, पण परत कुणी हसायला नको. ती पायरीवर बसली, उठली, फाटकापर्यंत गेली, परत आली. दाराला कान लावला, काढला. रडू येत होतं, तेही तिला धड एका जागी उभं राहून रडता येईना.

आतून हशा ऐकू आला. मोठा हशा.

थोड्या वेळाने दार आपटलं आणि मावशी बाहेर आली. चेहरा लालबुंद, केस सुटलेले. पुढे ठोकळ्या, जीव खाऊन ओढत. "गोल गोल फिरला!" मावशी ओरडली. "माझ्याभोवती, गोल गोल, तुला शोधत! पट्टा माझ्या पायांत गुंडाळला. परीक्षक जवळ आले तर त्यांच्याकडे पाठ करून दाराकडे बघत बसला. इतकी वर्षं झाली, असं हसं झालं नव्हतं माझं. बिघडवलायस तू कुत्रा!"

ठोकळ्याने तोवर भिंगरीला धडक देऊन पायरीवर बसवलं होतं.

"पण मावशी," भिंगरी म्हणाली, आणि आपण हे का बोलतोय ते तिचं तिलाच कळेना, "शेवटच्या फेरीत पोचला तो. बोली झाली होती."

मावशीने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "ओपन चुकून भरलं होतंस?"

"नाही."

"वाटलंच मला. मग रिंगमध्ये नीट का उभी राहिलीस?"

"लोक त्याला हसत होते."

मावशीने पायात अडकलेला केसांचा पुंजका झटकला. चष्मा काढून पुसला, परत घातला. मग पट्ट्याचं टोक भिंगरीच्या मांडीवर टाकलं. "मला उभा न राहणारा कुत्रा नको. ठेव तुझा तुला," ती म्हणाली. चार पावलं जाऊन ती वळली. "पुढच्या वेळी नवोदितांचा गट. एकच. आणि उभं तूच राहायचंस. फॉर्म भरायच्या आधी परीक्षक कोण ते मला विचार, समजलं?"

ती गेली. ठोकळ्याने एक लांब उसासा टाकून हनुवटी भिंगरीच्या पायावर ठेवली.

नवरा दोन पिशव्या आणि घडीची खुर्ची घेऊन बाहेर आला. आत काय झालं ते त्याने पाहिलं होतं, इथे काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. कुत्रा अजून इथेच कसा, हे विचारायचा धीर त्याला होईना. "चल," तो हळूच म्हणाला. "उशीर होतोय, निघू या ना?"

"बस जरा," भिंगरी म्हणाली.

तो तिच्या पायाकडे बघत राहिला. मग पिशव्या खाली ठेवून तिच्या शेजारी बसला.