सळईचं दुसरं टोक

रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये मी इंजिनं कानाने तपासायचो. लोखंडी सळईचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून सांगायचं, बेअरिंग गेलंय. बहुतेकदा खरं निघे. लखनऊची मंडळी कौतुकात कंजुषी करत नाहीत; कोणीतरी मला ‘इंजनों के हकीम साहब’ म्हणालं आणि मी ते मनावर घेतलं. कानांवर चढवायची जाड टोपणं आम्हाला मिळाली होती. ती मी कपाटात टाकली. हकिमाने कान झाकून नाडी कशी बघायची?

मग माझं इलेक्ट्रॉनिक घड्याळ बिघडलं. सकाळचा गजर वाजेना. हज़रतगंजच्या बाजारात जाऊन सेल बदलला, तरी वाजेना. पुन्हा गेलो, दुकानदाराशी तावातावाने भांडून आणखी एक बदलून घेतला. घरी येऊन बायकोला सांगितलं, या गावात सगळे लबाड आहेत. तिने गजराचं बटण दाबून घड्याळ माझ्या कानाशी धरलं. आठ वर्षांची मुलगी गृहपाठ सोडून आली. मराठी तिला कळे, पण उत्तर हिंदीतच.

“बज तो रहा है, बाबा.”

“अहो, रोज वाजतं,” बायको म्हणाली. “मीच बंद करते. मला वाटायचं, तुम्ही झोपेचं सोंग घेता.”

कानाच्या डॉक्टरांनी मला बंद खोलीत बसवून हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. मी पडलो इंजिनिअर. आवाज ठरावीक अंतराने येतायत हे ताडलं, आणि ऐकू येईना तेव्हा हिशेबाने बटण दाबत गेलो. चांगले मार्क पडणार याची खात्री होती. डॉक्टर दार उघडून आत आले आणि शांतपणे म्हणाले की मघापासून त्यांनी एकही आवाज सोडलेला नाही.

मग त्यांनी कागदावर कान काढला. आवाजाने पडदा हलतो. पडद्याला लागून तीन हाडं, त्यातलं शेवटचं तांदळाच्या दाण्याहून लहान. ते आतल्या शंखाला धक्के देतं. शंखात पाणी असतं, त्यात लाट उठते, आणि तिथल्या पेशींवरचे बारीक केस लवले की मेंदूला निरोप जातो. बारीक, उंच आवाजांच्या पेशी शंखाच्या दाराशी, घोगऱ्या आवाजांच्या पार आतल्या टोकाला. दणक्याचा मार आधी दाराशी बसतो. माझ्या दाराशी फारसं कोणी उरलं नव्हतं. शेडचा गोंगाट होताच. वर सळईने मी तो कवटीतून थेट शंखात पोचवत होतो.

मी पार्ट बदलण्याची चौकशी केली. ते हसले नाहीत. गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, म्हणाले, शेड सोडा, म्हणजे उरलंय ते टिकेल. मुलांचे आवाज आधी निसटतात, हेही सांगितलं.

बदली मागून घेतली. ऑफिसातल्या खोलीत शांतता होती, म्हणून कानातली अखंड शिट्टी पहिल्यांदा नीट कळली. कानाचं यंत्र लावून पाहिलं. भांड्यांचा आवाज मोठा झाला, मुलीचे शब्द उलगडले नाहीत.

इंदिरा नगरातल्या घरापासून शाळेपर्यंत ती स्कूटरवर मागे बसे आणि वाटभर बडबडे. इंजिनाची घरघर मला छान ऐकू येई, तिचं काहीच नाही. मी आरसा रस्त्यावरून काढून तिच्या तोंडाकडे वळवला. ओठ हलले की म्हणायचं, हां, अच्छा. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. एकदा ओठ थांबल्यावर मी ‘अच्छा’ म्हटलं, तरी ती आरशातून माझ्याकडे बघतच राहिली. काहीतरी विचारलं असणार. शाळेपाशी उतरल्यावर मी म्हटलं, काय गं, काय म्हणत होतीस? ती समोर येऊन उभी राहिली आणि तोंड मोठं उघडून सावकाश म्हणाली,

“कुछ नहीं, बाबा.”

दुसऱ्या दिवसापासून आरशात तिचे ओठ मिटलेले दिसू लागले. काही दिवस मी वाट पाहिली. मग आरसा पुन्हा रस्त्याकडे वळवला.