सासूबाईंचा पाट

आज फरशी पुसताना स्वयंपाकाच्या ओट्याखालचा पाट हाताला लागला. त्याच्या मधोमध दोन पावलांपुरता रंग उडालाय.

घर बांधताना गवंड्याने विचारलं, "ओटा किती उंच करायचा?" मी नवी सून, चांगलीच उंच, सासूबाई जेमतेम माझ्या खांद्याला. त्यांनी मला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात दुमडायला लावला आणि म्हणाल्या, "हिच्या कोपराच्या जरा खाली येऊ दे. मी काय, पाटावर उभी राहीन."

आणि राहिल्या, हातपाय चालत होते तोवर. घर बांधणाऱ्या कुणी सल्ला विचारला, तर मी आधी ओट्याचंच सांगते.

पाट पुसून जागेवर ठेवला. साठी उलटली, पण माझी पाठ अजून ताठ आहे.