सासरे आणि त्यांचा डावा पाय

माझ्या सासऱ्यांनी आजवर कुणापुढेच माघार घेतलेली नाही. मग समोर शत्रू असो, नाहीतर दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट. निवृत्त सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. लिफ्ट बंद पडली की जिना चढून धापा टाकत येतात आणि म्हणतात, "हिला वाटलं, मी खालीच बसेन!" बसणं त्यांना मुळी पसंतच नाही. पेपर उभ्याने, चहा उभ्याने. टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं की हातातला घास हातातच राहतो.

त्यांच्या पोटरीवरच्या शिरा आधीच फुगलेल्या. गेल्या हिवाळ्यात त्यातली एक लाल झाली आणि हाताला दोरीसारखी कडक लागू लागली. दुसऱ्या कुणीही डॉक्टर गाठला असता. यांनी ट्रंक उघडली, पलटणीत बुटांवर बांधायच्या जुन्या पट्ट्या काढल्या, एकीला एक जोडून पाय गुंडाळला आणि गुडघ्याखाली अशी गाठ मारली की संध्याकाळपर्यंत पाऊल टम्म सुजलं. शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं. "अंकल, ये किसने बाँधा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मैंने खुद!" छाती पुढे. "बिल्कुल गलत बाँधा." पट्टीबद्दल असं ऐकण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

सोनोग्राफीत दिसलं की कातडीलगतच्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय आणि ती मांडीकडे सरकतेय. आतल्या मोठ्या शिरेत शिरली तर थेट फुप्फुसाला धोका. माझी तर झोपच उडाली. रोज पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन, मालिश बंद, भरपूर चालायचं, पण एका जागी उभं राहायचं नाही. शिवाय घट्ट लांब मोजा. "हा बायकी मोजा मी घालणार नाही," असं जाहीर करून झालं, मग रोज सकाळी अंथरुणातूनच पाय वर करून मलाच हुकूम सुटू लागला, "अगं ओढ सूनबाई! चलो, जोर लगाके!" खालच्या बागेत त्यांच्या फेऱ्या इतक्या कडक शिस्तीत चालत की गेटवरचे गार्ड आपोआप ताठ होत.

हा सगळा आटापिटा पानिपतासाठी होता. दर जानेवारीत, पानिपतच्या लढाईच्या स्मृतिदिनी, तिथल्या काला अंब स्मारकापाशी दिल्लीकर मराठी मंडळी जमतात, आणि श्रद्धांजलीला हे पहिल्या रांगेत सावधान उभे असतात, भाषणं कितीही लांबोत. गुठळी सरकायची थांबली होती, विरघळली नव्हती. "जाइए, मगर खड़े नहीं रहना," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. माझा नवरा म्हणाला, "बाबा, या वर्षी राहू द्या ना." बाबा गाडीत जाऊन बसले.

भाषणं होईतो ते गर्दीच्या मागे येरझाऱ्या घालत राहिले. श्रद्धांजलीची वेळ आली तेव्हा ते पहिल्या रांगेच्या मागे येऊन थांबले, पण चेहऱ्यावर कळ स्पष्ट दिसत होती. मी प्लास्टिकची खुर्ची पुढे केली आणि आता चारचौघांत ओरडा बसणार म्हणून मान खाली घातली. ते खुर्चीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "माझ्या जागी तू उभी राहतेस?"

मी पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिले. सगळीकडे शांतता. मागून कुजबुज आली, "टाचा जोड." मी जोडल्या. डोळे भरून आले होते, पण पुसायला हात हलवला नाही.

मौन संपल्यावर वळून पाहिलं. डावा पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब ठेवून, पाठ ताठ, मुठी मांड्यांवर आवळून, सासरे बसल्या जागी सावधान होते. बाकीची माणसं केव्हाच हलली होती.