साडूंनी सील केलेला डबा

नाकावर विसंबून जगणारा माणूस साऱ्या नागपुरात एकच होता आणि तो नेमका माझा साडू असावा, हे माझं नशीब. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सरकारी औषध निरीक्षक. सक्करदऱ्याला आमच्या घरी आले की आधी खोकल्याच्या औषधाचं बूच काढून हुंगणार, चष्मा कपाळावर चढवून लेबल वाचणार आणि मगच माझी खुशाली विचारणार. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा द्रोणही आधी नाकाला लावत. "काहून हुंगून राहिले जी?" असं कोणी विचारलं, तर गंभीरपणे म्हणत, "पोटात गेल्यावर कोणाले विचारता येते?" खिशात सील करायच्या लाखेची कांडी कायमची, सणासुदीलाही ती घरी राहत नसे.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न धरमपेठेतल्या एका दंतवैद्याच्या मुलाशी ठरलं. मुलगाही दातांचंच शिकत होता. दोघांनी एकमेकांना अगदी मनापासून पसंत केलं होतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला आम्ही गेलो, तेव्हा होणाऱ्या व्याह्यांनी पुढच्या खोलीतला दवाखाना हौसेनं दाखवला. नवी खुर्ची होती, आणि दात कोरताना तिच्या नळीतून पाण्याची बारीक धार तोंडात पडे. आम्ही वाहवा करत होतो. साडूंनी वाकून नळी हुंगली.

"ही आतून कायनं धुता, डॉक्टरसाहेब?"

व्याह्यांनी मोरीखालून पत्र्याचा डबा काढला. सदर बाजारातून आणलेलं कसलं तरी जालीम द्रावण. वर ना नाव, ना गाव. साडूंनी काडेपेटी मागितली. देवापुढच्या उदबत्तीसाठी असेल असं समजून कोणी आणूनही दिली. त्यांनी लाख वितळवली आणि डब्याला सील ठोकलं. पंचनाम्याला दोन पंच लागतात, म्हणून एक सही माझी घेतली आणि दुसरी मुलाच्या मामांची. साक्षगंधाआधी दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या त्या अशा.

"काय करून राहिले तुम्ही हे? पोरीचे बाप आहा ना?" व्याही म्हणाले.

"यातलं काय नळीत मागं राहते, कोणाले माहीत? हे पाणी लोकायच्या तोंडात जाते," एवढंच साडू म्हणाले.

लग्न मोडलं. शिवाय कचेरीनं डबा परत पाठवला. नळी धुण्याचं द्रावण हे औषध नव्हे, तेव्हा ते आपल्या अखत्यारीत येत नाही, असा निर्णय आला. ज्याच्यापायी सोयरीक गेली, त्याला कायदाच नव्हता. साडू स्वतः धरमपेठेत जाऊन व्याह्यांना डबा देऊन आले. मला त्यांचा राग आला होता, आणि फार वाईटही वाटत होतं.

त्या दिवशी माझ्यासमोरच भाची त्यांना म्हणाली, "बाबा, साक्षगंध होईपर्यंत थांबता नसतं आलं का?"

"तोवर त्या खुर्चीत कोणी बसलंच असतं ना, बाई."

भाची उठून आत गेली.

पुढे तिला अमरावतीला दिली. बरं चाललंय तिचं. साडू मात्र दाढ दुखली की त्याच दवाखान्यात जात. निवृत्तीनंतर एकदा मी सोबत होतो. खुर्चीपाशी आता तो मुलगा उभा होता. त्यानं नळीतलं पाणी बराच वेळ भांड्यात वाहू दिलं, थोडं स्वतःच्या तोंडात घेऊन थुंकलं आणि मग हळूच म्हणाला, "बाबा, आ करा."

दाढ काढून आम्ही बाहेर आलो. साडूंच्या गालात कापसाचा बोळा होता, शब्द नीट फुटत नव्हते.

"पोरगा लय चांगला होता गा," ते म्हणाले, आणि रिक्षा येईपर्यंत रस्त्याकडेच बघत राहिले.